गच्चीवर खिळा ठोकायचा नाही
(सोसायटीचा ग्रुप, ठाणे. शुक्रवार ३ ते रविवार ५ ऑक्टोबर २०२५)

७०२: बेडरूमच्या छताला पुन्हा ओल आली आहे. पंख्याच्या हुकापासून खिडकीपर्यंत. फोटो टाकलाय. गच्चीवरच्या कुंड्या हलवा, हे मागच्या वर्षीपासून सांगतोय. आज तर वर बांबूही दिसले. कोणाच्या परवानगीने?

४०१: गच्चीची चावी कोणाकडे आहे?

सेक्रेटरी: काका, बांबू ६०३ चे. सुक्कोथ या त्यांच्या ज्यू सणाचा मांडव. दर वर्षी असतो, नवीन काही नाही.

७०२: दर वर्षी खाली पार्किंगमध्ये असायचा.

सेक्रेटरी: पार्किंगवर मे महिन्यात पत्रे घातले. ठरावाला पहिला हात तुमचाच होता.

६०३: सर्वांना 🙏 पत्र्यामुळेच वर जावं लागलं. सुक्का, म्हणजे हा मांडव, उघड्या आकाशाखालीच लागते. वर पत्रा, स्लॅब, अगदी झाडाची फांदी आली तरी ती धरत नाहीत. सोमवारी ६ ला सूर्यास्तापासून बसायचं. १५ ला सिम्हाथ तोरा, म्हणजे शेवटचा दिवस, १६ ला सकाळी गच्ची मोकळी. अर्ज ऑगस्टमध्ये दिलाय, पोच आहे.

३०२: सोमवारी तर कोजागिरी! एका गच्चीवर दोन मांडव?

६०३: दोन्ही पौर्णिमेचेच. तिश्री या आमच्या महिन्याची पंधरावी रात्र ती. आमचा अधिक महिना कायम अदार महिन्यालाच येतो, पंचांगातला फिरता, म्हणून दर वर्षी गाठ पडत नाही. पुढच्या वर्षी २५ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला.

३०२: म्हणजे यंदा दूध, पुढच्या वर्षी ढोल. 😀

७०२: बेडरूमच्या छताला पुन्हा ओल आली आहे. पंख्याच्या हुकापासून खिडकीपर्यंत. फोटो टाकलाय. गच्चीवरच्या कुंड्या हलवा.

५०४ काकू: एकदा वाचलं हो. माझ्या एकूण एक कुंड्या विटांवर आहेत, खाली चार बोटं मोकळी जागा. झाडलोट त्याखालूनही होते. माती म्हणाल तर एक भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग शेणखत. साध्या मातीची १८ इंची कुंडी ओली झाली की ७०-८० किलो भरते, ही त्याहून हलकी. आणि त्याही सगळ्या कडेला, तुळईवर. मधल्या स्लॅबवर एकही नाही.

७०२: पाणी तर घालता ना?

५०४ काकू: नाही, गप्पा मारते झाडांशी.

४०१: चावी?

सेक्रेटरी: वॉचमनकडे, काका.

१०३: भांडण थांबवून जरा ऐका. आपल्या गच्चीला ब्रिकबॅट कोबा आहे. कोब्याला कुठेतरी चीर किंवा भोक असलं की पाणी आतल्या विटांच्या तुकड्यांत साठतं आणि पाऊस थांबल्यावरही आठ-दहा दिवस सावकाश उतरत राहतं. म्हणून ऑक्टोबरमध्ये छत ओलं दिसलं की लोक कालच्या पाण्याला दोष देतात आणि पाणी असतं सप्टेंबरचं. शिवाय स्लॅबमध्ये पाणी सरळ खाली येईलच असं नाही, सळईच्या कडेने चार-पाच फूट लांबही निघतं. कुंडी दोषी की पाऊस हे ठरवायचं तर गच्चीचे भाग पाडायचे, पाइपांची तोंडं बंद करायची, एकेका भागात दोन इंच पाणी ४८ तास उभं ठेवायचं आणि खाली बघायचं. हे १६ तारखेनंतर, छत कोरडं झाल्यावर. आत्ता एकच काम, कोपऱ्यातल्या जाळ्या साफ करणं. उतार शंभराला एक आहे. जाळी तुंबली की बघता बघता तळं.

७०२: म्हणजे पाला कुंड्यांचाच.

१०३: जाळीवर काय आहे ते रविवारी वर जाऊन बघतो. पण ६०३, खांब कसे उभे करणार? कोब्याला ड्रिल लागता कामा नये. एक भोक पडलं तरी वॉटरप्रूफिंग फुकट.

६०३: ड्रिल नाहीच. रंगाच्या २० लिटरच्या सहा बादल्या आहेत, त्यात बांबू उभा करून वाळू ठासायची. एक बादली ३० किलोच्या वर जाते. आठ बाय सहाचा मांडव, उंची सात फूट. चार कोपऱ्यांना चार, लांब बाजूंच्या मधोमध दोन. वर आडवे बांबू, काथ्याने बांधलेले. तार वापरत नाही. ज्यावर छप्पर टेकतं तेही झाडाचंच असावं, अशी आमची रीत.

१०३: अरबी समुद्रात शक्ती चक्रीवादळ आहे, ठाण्यालाही वाऱ्याचा इशारा आहे. ३० किलोची बादली उभ्या वजनाला पुरते, वाऱ्याच्या ढकलण्याला नाही. प्रत्येक कोपऱ्यात तिरका टेकू द्या. कापडी भिंती शिडासारख्या फुगतात, तेवढ्या रात्री गुंडाळून ठेवा.

६०३: फडफडणारी भिंत आम्हालाही चालत नाही. साड्या शोभेला फक्त. खरी भिंत आतल्या आडव्या बांबूपट्ट्यांची, जमिनीपासून ४० इंचांपर्यंत, दोन पट्ट्यांत नऊ इंचांच्या आत फट. त्यातून वारा आरपार जातो. तिरके टेकू मात्र नव्हते, ते आज टाकतो.

५०४ काकू: छपराला काय घालताय? माझा मधुमालतीचा वेल फोफावलाय. तसाच कुंडीसकट मांडवावर चढवू? दोन दिवसांत सावली.

६०३: काकू, मुळावर उभा असलेला वेल चालत नाही. छप्पर जमिनीतून उगवलेल्या पण तोडलेल्या गोष्टीचंच हवं. वेल आधी चढवून मग बुंध्यात कापला तरी प्रत्येक फांदी उचलून पुन्हा ठेवावी लागते. झावळ्या सांगितल्यात, नारळाच्या २५. सावली उन्हापेक्षा जास्त हवी आणि फटीतून चांदण्याही दिसाव्यात. पाऊस आत येणार नाही इतकं दाट घातलं की ते घर झालं, सुक्का नाही.

३०२: पाऊस आला तर ताटात?

६०३: ताटातलं बिघडेल इतका आला तर उठून घरात जेवायचं. तशी मुभाच आहे.

५०४ काकू: माझा वेल कोणीही कापणार नाही आहे. सांगून ठेवते.

६०३: अर्थातच 😊 तुमच्याकडून दुसरंच मागायचं होतं. महाळुंग धरलंय ना? नर्सरीचं कलम की गुटी?

५०४ काकू: गुटी! नर्सरीतली लिंबूवर्गातली झाडं बहुतेक जंबेरीच्या खुंटावर बांधलेली असतात. बुडाशी गाठ दिसली की समजायचं. माझं जुन्या झाडावरून जूनमध्ये बांधलेलं. पेन्सिलीएवढी फांदी, एक इंचाची साल गोल काढायची. आतला बुळबुळीत थर सुरीच्या पाठीने खरवडायचा, तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटतच नाहीत. ओलं शेवाळ बांधून वर प्लास्टिक. दोन महिन्यांत मुळं पांढरी दिसतात, ती तपकिरी होऊ लागली की कापायचं. फळ चौथ्या वर्षी.

६०३: मग झालं. कलमाचं फळ आमच्या एत्रोगला, म्हणजे सणात हाती धरायच्या महाळुंगाला, चालत नाही, म्हणून विचारलं. हात लावायच्या आधी मात्र एक विनंती. ओढून तोडू नका, कात्रीने देठ अर्धा सेंटिमीटर ठेवून कापा. टोकाला बोंडी असेल तर ती मोडली की फळ गेलं. वरच्या निमुळत्या भागावर काळा ठिपका नको. धुऊ नका, कापसात ठेवा.

५०४ काकू: दोन आहेत. एकावर नागअळीची नक्षी आहे, दुसरं स्वच्छ. पानांवर अळी दिसताच निंबोळी तेल मारलं होतं, लिटरला ५ मिली, दोन थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी. उन्हात मारलं की पानं करपतात. एत्रोगबरोबर धरायच्या बाकीच्या तीन वस्तू?

६०३: खजुराचं न उमललेलं पान एक, मेंदीसारख्या बारीक पानांची हदास तीन, वाळुंज दोन. हदास बाहेरून येते, एका पेऱ्यावर तीन पानं लागतात. वाळुंज सर्वांत आधी सुकतं, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये. आता दिवे लावायची वेळ. उद्या रात्री सातनंतर फोन बघेन.

४०१: चावी मिळाली का?

(शनिवार)

७०२: बेडरूमच्या छताला पुन्हा ओल आली आहे. पंख्याच्या हुकापासून खिडकीपर्यंत. कालपासून ६०३ उत्तर देत नाहीत. सोयीस्कर मौन.

२०१: शनिवार आहे हो काका, त्यांचा शब्बाथ, फोन बंद. पंधरा वर्षं शेजारी राहून अजून विसरता?

७०२: मी सभ्यपणे विचारतोय.

२०१: बरं, रविवार १२ च्या सहलीबद्दल. भायखळा नक्की करतेय. ठाण्याहून ८.१० च्या आसपासची धिमी. आधी मागेन डेव्हिड सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), मग राणीची बाग. कोणाला काही सुचवायचंय?

३०२: मिसळ.

२०१: त्याशिवाय.

(शनिवार, रात्री)

६०३: ताई, छान बेत. मागेन डेव्हिडला आधी फोन करून वेळ ठरवा. सणाचा आठवडा आहे, सकाळी प्रार्थना असते. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र लागेल, मोठ्या पिशव्या नकोत, पुरुषांनी डोकं झाकायचं, रुमालही चालतो. राणीची बाग बुधवारी बंद असते, रविवारी उघडी पण गर्दी, म्हणून ती आधी उरका. आतला घड्याळाचा मनोरा ससूनचा आणि काळा घोडाही तिथेच आहे, १९६५ पासून. काळा घोडा चौकात मूळ घोडा नाही हे मुलांना दाखवा. वेळ उरला तर लोकलने दोन स्टेशनं पुढे मशीद बंदर. सिनेगॉगला आमचे लोक मशीदच म्हणत, तिथल्या १७९६ च्या सिनेगॉगमुळे स्टेशनला ते नाव पडलं असं सांगतात. शेजारची गल्ली सॅम्युएल स्ट्रीट, संस्थापक दिवेकरांच्या नावाची.

२०१: ठाण्यात राहून आपलं १८७९ चं सिनेगॉग किती जणांनी पाहिलंय? हात वर.

३०२: सिव्हिल हॉस्पिटलजवळचं ना? बाहेरून.

७०२: सहलीपेक्षा ओल महत्त्वाची आहे. बेडरूमच्या छताला पुन्हा

७०२: चुकून अर्धाच गेला. बेडरूमच्या छताला पुन्हा ओल आली आहे.

सेक्रेटरी: काका, उद्या सकाळी १०३ वर जातायत. तोवर थांबू या. 🙏

(रविवार)

१०३: पाहणी झाली. ईशान्य कोपऱ्यातली जाळी बंद होती. पाला होता, पण मधुमालतीचा थोडाच. बाकी पिंपळाची पानं, शेजारच्या इमारतीवरून आलेली, आणि कबुतराचं अख्खं घरटं. जाळी काढून तोंडावर घुमटासारखी उंच जाळी बसवा, सपाट जाळी एका पानाने बंद होते. दुसरं, जाळीपासून तीन फुटांवर कोब्यात चार बोल्ट आहेत, जुन्या डिश अँटेनाच्या स्टँडचे. दोन निघालेत, भोकं उघडी. खाली मोजलं तर पंख्याच्या हुकापासून दोन हात. हेच कारण असं पाणी उभं केल्याशिवाय म्हणणार नाही, पण मी पहिलं तिथे बघेन.

३०२: अँटेना कोणाची?

७०२: हा मेसेज डिलीट केला आहे.

५०४ काकू: मी काहीही बोलत नाहीये.

१०३: तात्पुरतं करायचं तर भोक ब्रशने साफ करून कोरडं करा, वर ब्यूटाइलची पट्टी चिकटवा. ओल्या जागेवर चिकटत नाही, हेअर ड्रायर न्या. पक्कं काम छत वाळल्यावर पॉलिमर मॉर्टरने. आत्ता नुसतं सिमेंट भरू नका, ते आकसतं आणि कडेने पुन्हा फट पडते.

७०२: ड्रायर आहे माझ्याकडे. विषय पाण्याच्या निचऱ्याचा होता, एवढंच माझं म्हणणं होतं.

सेक्रेटरी: उद्याचं वेळापत्रक. साडेसहा ते आठ मांडवाजवळ गडबड नको, ६०३ कडे किद्दुश, म्हणजे सणाची प्रार्थना आहे. दूध साडेआठला. साठ माणसं, माणशी १५० मिली म्हणजे नऊ लिटर. आटतं म्हणून बारा सांगितलंय.

६०३: आम्हीही दुधाला तुमच्यात बसतोय. मटण आणि दूध आम्हाला एकत्र चालत नाही, म्हणून जेवणात मटण ठेवलं नाही, वालाचं बिरडं नारळाच्या दुधात, म्हणजे नंतर मसाला दूध घेता येईल. फक्त पातेलं मटणाचं नको. मांडवातला दिवा सूर्यास्ताआधी लावून ठेवू, तो कोणी बंद करू नका, सणाच्या दिवशी आम्हाला पुन्हा लावता येणार नाही. काकू, ७ आणि ८ ला आमच्या कुंड्यांना पाणी घालणार नाही, ठिबकचा टायमर आधीच लावलाय. पाणी सुटताना दिसलं तर नळ बंद करू नका.

५०४ काकू: किती मिनिटं?

६०३: सकाळी सहाला चार मिनिटं. कुंडीला दीड लिटर, ताटलीत थेंब उतरत नाही.

४०१: गच्चीची चावी कोणाकडे आहे?

सेक्रेटरी: वॉचमनकडे. वॉचमनकडे. वॉचमनकडे.

७०२: दूध बिनसाखरेचं थोडं वेगळं काढणार का?

सेक्रेटरी: दोन लिटर. केशरही त्यात आधी घालतो.