मदत हवी आहे: हेजहॉगच्या लघवीत परत परत रक्त (कोल्हापूर)

आमच्याकडं आफ्रिकन पिग्मी जातीची हेजहॉग (अंगभर काटे असलेला, कीटक खाणारा छोटा प्राणी) आहे, चिंगी. मादी, वय 3 वर्षांच्या पुढं. पाऊस सुरू झाल्यापासून तिच्या लघवीत रक्त दिसतंय. अँटिबायोटिकचा कोर्स चालू असला की कमी होतं, कधी पूर्ण थांबतं. कोर्स संपला की थोडे दिवस बरे जातात आणि परत पांढऱ्या कापडावर गुलाबी डाग. हे चक्र आता इतक्या वेळा झालंय की नुसतं औषध बदलून भागेल असं मला वाटत नाही. म्हणून हा धागा.

जेवढं नीट सांगता येईल तेवढं सांगते. ती रात्रभर पिंजऱ्यातल्या पळायच्या चाकावर पळते आणि लघवी-शी बहुतेक तिथंच करते, त्यामुळं सकाळी चाक पुसतानाच सगळं कळतं. रंग रोज सारखा नसतो. कधी सगळी लघवी फिकट गुलाबी, कधी लघवी स्वच्छ आणि बाजूला ताज्या रक्ताचा थेंब. मध्यंतरी एक छोटी गुठळीही दिसली. वजन 420 ग्रॅम होतं, आता स्वयंपाकघरातल्या काट्यावर 380 भरतं. खाणं म्हणजे मांजराचं कोरडं खाद्य, थोडे मीलवर्म (खाद्य म्हणून मिळणाऱ्या अळ्या) आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन. भूक आहे, पण चाकावर पळणं बरंच कमी झालंय, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. पिंजऱ्यातलं तापमान हीटिंग पॅडनं 25-26 अंशांवर ठेवते. लाईट गेली तर गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवते, कारण गारठा लागला की ही जनावरं सुस्त पडतात आणि त्यातून उठणं त्यांना जड जातं.

आमचे डॉक्टर मनापासून बघतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांच्याकडं येणारी जनावरं म्हणजे कुत्री, मांजरं आणि आजूबाजूच्या गावांतल्या गाई-म्हशी. चिंगी टेबलावर ठेवली की गोळा होऊन बसते. मग पोट चाचपता येत नाही, लघवीची जागा बघता येत नाही. एक्स-रे तसाच गोळा झालेल्या अवस्थेत काढला. त्यात काटेच काटे दिसतात. मूतखडा नाही असं छातीठोकपणे म्हणावं इतकी ती फिल्म स्वच्छ नाही. लघवीची तपासणीही झालेली नाही, कारण नमुना घ्यायचा कसा हाच प्रश्न.

शेजारच्या काकू रोज कुळथाचं पाणी द्यायला सांगतात. त्यांच्या घरी मूतखड्याला त्याचा गुण आला होता. त्यांचा जीव आहे चिंगीवर, त्यामुळं तोंडावर नाही म्हणवत नाही. पण कीटक खाणाऱ्या एवढ्याशा जीवाला ते द्यावं का? शिवाय मुळात खडा आहे की नाही हेच ठरलेलं नाही.

मला हवंय ते असं: घरच्या घरी लघवीचा नमुना कसा घ्यावा, एवढ्या लहान प्राण्याला भूल देऊन तपासणं कितपत सुरक्षित आहे, आणि कोल्हापूर-सांगली-बेळगाव या टापूत हेजहॉग किंवा तसले छोटे प्राणी बघणारं कुणी आहे का. पुण्या-मुंबईला न्यावं लागलं तरी नेईन. पण पुण्यापर्यंतचा 230 किलोमीटरचा प्रवास तिला झेपेल का, आणि तिथं गेल्यावर नेमकं काय करून घ्यायचं, हे आधी समजून घ्यायचंय.

प्रतिसाद

साळिंदर पाळायला बंदी आहे ना? वन खात्याला कळलं तर अडचण येईल.

धागाकर्ती

साळिंदर नाही हो. साळिंदर कुरतडणाऱ्यांतलं, उंदीर-घुशींच्या गोतातलं, आणि हिच्यापेक्षा कितीतरी मोठं. आपल्याकडचे रानातले प्राणी घरात ठेवू नयेत हे मलाही पटतं. ही आफ्रिकन जात आहे, पाळीव म्हणूनच जन्मलेली. कृपया धागा तिच्या आजारावरच राहू दे.

प्रतिसाद (सांगली)

ताई, तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो. आमच्या हेजहॉगलाही असंच झालं होतं, तीही मादी आणि साधारण याच वयाची. आम्हीही लघवीचं इन्फेक्शन धरूनच चाललो होतो. निघालं गर्भाशयाचं.

हेजहॉगच्या मादीला पाळी येत नाही. त्यामुळं रक्त दिसलं म्हणजे काहीतरी बिघडलंय हे नक्की. पण मूत्रमार्ग आणि गर्भाशय यांची वाट बाहेर पडताना एकच असते, म्हणून गर्भाशयातलं रक्त लघवीत मिसळून येतं आणि बघणाऱ्याला ते मूत्राशयाचं वाटतं. 2-3 वर्षांच्या पुढच्या माद्यांमध्ये गर्भाशयात गाठी किंवा पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेले मांसाचे कोंब) होणं बरंच आढळतं, काही गाठी कॅन्सरच्याही असतात. तुम्ही लिहिलंय की लघवी स्वच्छ आणि बाजूला ताजा थेंब, शिवाय गुठळी. माझं लक्ष तिथंच अडकलं. मी डॉक्टर नाही, निदान करत नाही. पण हा प्रश्न तुमच्या डॉक्टरांना थेट विचारा. अँटिबायोटिकनं मधे बरं वाटतं यावरही जाऊ नका. असं रक्त आपोआपही थांबतं आणि परत सुरू होतं.

आता भुलेचं. हेजहॉगला जागेपणी तपासणं जवळपास अशक्य, म्हणून मास्कवाटे गॅसची भूल देतात, आयसोफ्लुरेन. चटकन गुंगी येते आणि गॅस बंद केला की लवकर जाग येते. धोका अजिबात नाही असं नाही, पण अर्धवट तपासणीवर औषधं चालवत राहण्यात जास्त धोका आहे. एकाच भुलेत सगळं उरकायला सांगा: पोट चाचपणं, सरळ झोपवून एक्स-रे, सोनोग्राफी, जमलं तर सोनोग्राफीत बघत सुईनं थेट मूत्राशयातून लघवी. त्या नमुन्यात रक्त नसेल तर ते दुसरीकडून येतंय हे बऱ्यापैकी कळतं. घरी चाकावरून घेतलेल्या लघवीवरून एवढं कळणार नाही, कारण त्यात सगळंच मिसळलेलं असतं. तरी पट्टीवरच्या प्राथमिक तपासणीला ती चालते. चाक गरम पाण्यानं स्वच्छ धुऊन कोरडं करा, पहाटे सिरिंजनं उचला, लगेच नेता येत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा.

आमच्या हिचं गर्भाशय काढलं. त्यानंतर ती वर्षभराहून जास्त नीट जगली, चाकावर पळत होती. रक्त वाहून वाहून अशक्त झाल्यावर ऑपरेशन अवघड होतं, म्हणून वेळ घालवू नका. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, अंग गार लागलं, किंवा जोर लावतेय आणि लघवीच होत नाही असं झालं तर सकाळपर्यंतही थांबू नका.

कुळीथ, गोखरू, बार्ली, काही नको. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनही चुकून नको. पाणी पोटात जायला हवं असेल तर ओलं मांजरखाद्य द्या, किंवा चिकन नुसत्या पाण्यात उकडून ते पाणी द्या. आपल्या घरच्या अळणीतलं (मसाला न घालता शिजवलेल्या मटण-चिकनच्या रश्श्यातलं) नको, त्यात मीठ आणि आलं-लसूण असतं.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. गर्भाशयाचा विचार आजवर कुणीच बोलून दाखवला नव्हता. तुमचा प्रतिसाद आमच्या डॉक्टरांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, माझ्याकडं गॅसची भूल नाही, इंजेक्शनची भूल मी हिला देणार नाही, चिठ्ठी लिहून देतो, पुढं न्या. त्यांनी असं सांगितलं याचा मला आदर वाटतो.

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आणि पुण्यात छोटे प्राणी बघणाऱ्या एका दवाखान्यात फोन केला. आयसोफ्लुरेन आहे का, 400 ग्रॅमच्या आतल्या प्राण्याची सोनोग्राफी केलीय का, गर्भाशय काढायची वेळ आली तर तुमच्याकडंच होईल का, एवढंच विचारलं. पुण्यातून तिन्हीला हो आलं, तारीखही मिळाली. शिरवळहून डॉक्टरांशी बोलून कळवतो म्हणालेत. काकूंना सोनोग्राफीचं सांगितल्यावर त्यांनी स्वतःच कुळथाचा विषय सोडला.

एक विचारायचं राहिलं. प्रवासात तिला ऊब कशी ठेवलीत? गाडीत हीटिंग पॅड चालणार नाही. आणि भुलेआधी किती तास उपाशी ठेवायला सांगितलं होतं?

प्रतिसाद (सांगली)

गरम पाण्याच्या दोन बाटल्या मोज्यात घालून डब्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे उकडलं तर तिला दुसरीकडं सरकता येईल. डब्यावर जाड कापड टाका, वारा जाईल एवढी फट ठेवा, गाडीचा एसी बंद. थांबाल तिथं हॉटेलात गरम पाणी मागून बाटल्या परत भरा. उपासाचं मात्र भूल देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा, आमचे तास तुमच्या चिंगीला लावू नका. एवढासा जीव फार वेळ उपाशी राहिला तरी रक्तातली साखर उतरते. रोजचं वजन आणि डागांचे फोटो तारखेसह सोबत न्या, तिथं पहिल्यांदा तेच विचारतात.

धागाकर्ती

फोटो आहेत, वजनाची वहीही आहे. सोनोग्राफी झाली की इथंच लिहिते. तोवर बेळगावकडचं कुणी वाचत असेल आणि तिकडं गॅसची भूल देणारा दवाखाना माहीत असेल तर जरूर सांगा. पुण्यापेक्षा ते निम्म्या अंतरावर आहे.