मदत हवी आहे: डिस्कवर जागा असूनही सेशन फाइल उघडत नाही (एरर २८)

सर्व्हरवर डेबियन १२ (लिनक्स), पीएचपी ८.२, एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा), एनजिन्एक्स (वेब सर्व्हर). लॉगमध्ये सेशन_स्टार्ट (युजरची लॉगिन वगैरे माहिती ठेवणारी सेशन फाइल उघडणारं फंक्शन) "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस (२८)" म्हणून अडतं. डीएफ -एच (डिस्कचा वापर दाखवणारी कमांड) मध्ये जागा भरपूर दिसते, पण डीएफ -आय मध्ये आयनोड (प्रत्येक फाइलमागे एक लागणारी नोंद) १००% वापरलेले. म्हणजे जागा नव्हे, फाइलींची संख्या संपली आहे.

कारण सापडलं आहे. कुकी न ठेवणारे बॉट प्रत्येक हिटला नवी सेशन फाइल बनवतात. सेव्ह_पाथ (सेशन फाइली ठेवायचा फोल्डर) एफपीएमच्या पूलच्या कॉन्फिगमध्ये, उपफोल्डरची खोली २ ठेवून दिला आहे; डेबियनचा सफाई टायमर पीएचपी डॉट आयएनआय (पीएचपीची मुख्य सेटिंग फाइल) वाचतो, पूलचं कॉन्फिग नाही, त्यामुळे तो इथे फिरकतच नाही. जीसी_प्रोबॅबिलिटी (पीएचपीची सफाई किती वेळा चालावी याचं सेटिंग) १ करणं सुचवू नका, उपफोल्डर असताना पीएचपीची स्वतःची सफाई चालत नाही. परवानग्या तपासल्या, ठीक आहेत.

सध्या क्रॉनमधून (ठरावीक वेळी कमांड चालवणारी सोय) फाइंड (फाइली शोधणारी कमांड) लावून २४ मिनिटांपेक्षा (जीसी_मॅक्सलाइफटाइम, म्हणजे सेशनचं आयुष्य, १४४० सेकंद) जुन्या फाइली उडवतो. आयनोड मोकळे होतात, पण लॉगिन असलेले लोक मध्येच बाहेर फेकले जातात! बरीच पानं सेशन रीड_अँड_क्लोज ने (वाचून लगेच बंद करून) उघडतात. त्यात काहीच लिहिलं जात नाही, म्हणून फाइलची वेळ जुनीच राहते आणि फाइंडला ती मेलेली वाटते.

सर्व्हरवर रेडिस किंवा मेमकॅश्ड (सेशन फाइलऐवजी मेमरीत ठेवणारे प्रोग्रॅम) टाकता येणार नाही. रीड_अँड_क्लोज काढलं तर फाइल लॉकमुळे एकाच युजरच्या अ‍ॅजॅक्स रिक्वेस्ट (पान न बदलता मागून जाणाऱ्या) एकामागे एक खोळंबतात.

अशा पानांवर सेशन फाइलला स्वतः टच करणं (फक्त तिची वेळ ताजी करणं) सुरक्षित आहे का, की दर काही मिनिटांनी एकदाच पूर्ण सेशन उघडून बंद करणं बरं?