मदत हवी आहे: टाकळा उकडून पिळला की अँटिऑक्सिडंट कुठे जातात?

नमस्कार मंडळी. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून टाकळा, घोळ आणि शेवग्याच्या पाल्याची डीपीपीएच चाचणी (अँटिऑक्सिडंट क्षमता मोजायची चाचणी) करतेय. डीपीपीएचच्या जांभळ्या द्रावणात अर्क घातला की ते पिवळट होत जातं. अर्धा तास अंधारात ठेवून ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात उरलेल्या रंगाचं रीडिंग घ्यायचं. तुलनेला क जीवनसत्त्व.

अडचण अशी की बहुतेक पेपरांत सावलीत वाळवलेल्या पानांची पूड मेथेनॉलमध्ये भिजवतात. असं खातं कोण? आमची आजी टाकळा उकडते, घट्ट पिळते आणि ते हिरवट-तपकिरी पाणी सरळ मोरीत. क जीवनसत्त्व, बरीचशी फिनॉलिक संयुगं (म्हणजे अँटिऑक्सिडंटच) त्याच पाण्यात उतरतात. अर्थात नको असलेली विरघळणारी ऑक्झलेटंही त्यातूनच जातात, त्यामुळे आजीला नावं ठेवायची सोय नाही!

म्हणून कच्ची भाजी, पिळलेली भाजी आणि ते पाणी, तिन्ही तपासायचंय. पण तुलना ताज्या वजनावर करू की कोरड्या? पिळल्यावर वजनाचं गणितच बदलतं.

दुसरं, शेवग्याचा अर्क इतका गर्द हिरवा येतो की रीडिंगवर विश्वास बसत नाही. डीपीपीएच न घातलेल्या अर्काचं रीडिंग वजा केलं तर चालेल, की हेक्झेन या द्रावकाने आधी क्लोरोफिल (हिरवं रंगद्रव्य) काढू? क्वेर्सेटिन, क्लोरोजेनिक आम्ल ही अँटिऑक्सिडंट हेक्झेनमध्ये जाणार नाहीत असं मॅडम म्हणतात, पण प्रत्यक्ष कुणी केलंय का?

जरा लवकर सांगा, टाकळा जून व्हायला लागलाय.