गोव्यातल्या समीक्षकांचा अॅनिमेशनपट पुरस्कार: पात्रता आणि मतदान कसं ठरवायचं?

आल्तिनो:
पणजी, फोंडा, मडगाव मिळून आम्ही नऊ समीक्षक डिसेंबरात वर्षाचे पुरस्कार जाहीर करणार आहोत. मराठी, कोंकणी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लिहिणारे आहेत. बाकीचे विभाग मार्गी लागले, पण पूर्ण लांबीच्या अॅनिमेशनपटावर गाडं अडलंय. 'प्रादेशिक' म्हणून फक्त कोंकणी-मराठी चित्रपट घेतले तर विभाग रिकामाच राहील. अर्धा नटांचा आणि अर्धा संगणकावरचा चित्रपट कुठे टाकायचा? आणि नऊच मतं असल्यावर मोजणी कशी करायची? जाणकारांनी नेमकं सांगावं.

फोंडेकर:
आल्तिनोबाब, पहिल्या प्रश्नातच गोम आहे. अशा पुरस्कारांत प्रदेश असतो तो मत देणाऱ्यांचा, चित्रपटाचा नव्हे. लॉस एंजेलिसच्या समीक्षकांची संघटना 1975 पासून आहे, शिकागोची वेगळी, डॅलस-फोर्ट वर्थची वेगळी. आपल्या गावात बनलेलंच पाहायचं असा नेम त्यांतल्या कुणाचाच नाही. लॉस एंजेलिसवाल्यांनी 2014 साठी जपानी दिग्दर्शक ताकाहातांचा 'द टेल ऑफ द प्रिन्सेस काग्युया' हा अॅनिमेशनपट निवडला आणि 2016 साठी तिथल्याच शिंकाईंचा 'युअर नेम'. ऑस्कर गेलं 'बिग हीरो 6' आणि 'झूटोपिया'ला. 'युअर नेम'ला तर तिथे नामांकनही नव्हतं. समीक्षकांनी वेगळा पुरस्कार का द्यावा, याचं उत्तर इथेच मिळतं.

पात्रतेच्या नियमात मात्र 'गोव्यात प्रदर्शित' असं लिहू नका. आपल्याकडे असे चित्रपट आले तर डबिंग होऊन, गैरसोयीच्या वेळेच्या एक-दोन खेळांना येतात आणि आठवड्यात उतरतात. 'भारतात चित्रपटगृहात किंवा ओटीटीवर पहिल्यांदा अधिकृतपणे आलेला' असं लिहा. मतदान डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात असेल तर वर्ष 1 डिसेंबर ते 30 नोव्हेंबर धरा. कॅलेंडरचं वर्ष धरलंत तर नाताळात येणारे चित्रपट कुणी न बघताच बाद होतील.

इफ्फीतला (भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातला) एखाद-दुसरा खेळ प्रदर्शन म्हणून धरू नका. इफ्फी 2004 पासून इथेच भरतो आणि असतो नोव्हेंबरात, म्हणजे नेमका तुमच्या मुदतीच्या तोंडावर. तिथे दाखवलेला चित्रपट पुढच्या वर्षी प्रदर्शित झाला की दोनदा दावेदार होतो.

रायबंदर:
व्याख्येसाठी ऑस्करचा नियम उचलला तरी चालेल. लांबी 40 मिनिटांपेक्षा जास्त, एकूण वेळेच्या किमान 75 टक्के भाग अॅनिमेशनचा, आणि प्रमुख पात्रांपैकी बरीचशी अॅनिमेशनची. 100 मिनिटांचा चित्रपट असेल तर निदान 75 मिनिटं हवीत. वाद झाला तर एकाने घड्याळ लावून प्रसंगवार तक्ता करावा. श्रेयनामावली धरायची की नाही हे आधीच लिहून ठेवा. सहा-सात मिनिटांच्या नामावलीने निकाल उलटू शकतो.

नटाच्या हालचाली सेन्सरने टिपून पात्रावर चढवणं, म्हणजे मोशन कॅप्चर, एवढ्यावरच तिथे अॅनिमेशन मानत नाहीत. तरी सीमारेषेवर भांडण राहतंच. 2019 च्या 'द लायन किंग'ला गोल्डन ग्लोबने अॅनिमेशनपटात नामांकन दिलं, ऑस्करमध्ये तोच चित्रपट व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये दिसला.

आता मोजणी. नऊ मतपत्रिका घ्या, चित्रपट तीन. चौघांचा क्रम क, ग, ख. तिघांचा ख, ग, क. दोघांचा ग, ख, क.

फक्त पहिली पसंती मोजली तर क जिंकतो, 4 मतांनी.
सर्वांत कमी पहिल्या पसंतीचा बाद करून त्याची मतं पुढच्या पसंतीला दिली, तर ग बाद होतो, त्याची 2 मतं ख कडे जातात आणि ख 5 विरुद्ध 4 असा जिंकतो.
3-2-1 असे गुण दिले तर क 17, ख 17, ग 20. म्हणजे ग!

मतपत्रिका त्याच आणि विजेते तीन. म्हणून पद्धत यादी हातात येण्याआधी ठरवा. नंतर ठरवलीत तर प्रत्येक जण आपला चित्रपट जिंकवणारी पद्धतच न्याय्य म्हणेल (आणि मनापासून म्हणेल). माझं मत गुणांना. नऊ जणांच्या मंडळात, सगळ्यांनी वर ठेवलेला चित्रपट जिंकावा हेच बरं.

फोंडेकर:
रायबंदर, गुणांना माझी हरकत नाही, पण त्यात एक भोक आहे. न पाहिलेल्या चित्रपटाला शून्य मिळतं. सगळ्यांनी पाहिलेला सुमार चित्रपट, चौघांनीच पाहिलेल्या उत्तम चित्रपटाला सहज मागे टाकतो. उपाय म्हणून सरासरी काढू नका. मग दोघांनी पाहून 10 पैकी 9 दिलेला चित्रपट पहिला येतो. दोन फेऱ्या घ्या. पहिलीत प्रत्येकाने पाच नावं द्यावीत, त्यातून पाचांची यादी करावी, ती बघायला पुरेसा वेळ द्यावा. दुसऱ्या फेरीत पाचही पाहिलेल्यांनीच मत द्यावं. ऑस्करनेही 2025 मध्ये शेवटच्या फेरीसाठी हीच अट घातली.

अमेरिकेच्या नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्समध्ये 3-2-1 गुण आहेतच, पण जिंकणारं नाव निम्म्याहून जास्त मतपत्रिकांवर असावं लागतं, नाहीतर पुन्हा मतदान. तुमच्याकडे नऊपैकी पाच. बरोबरी झाली तर पहिल्या पसंतीची मतं बघा, तरीही सुटली नाही तर दोघांना विभागून द्या. अध्यक्षाचं जादा मत नको.

आणि वर्षात पात्र चित्रपट आठापेक्षा कमी निघाले तर पाचांची यादी कशाला? 2001 साठी हा ऑस्कर पहिल्यांदा दिला, तेव्हा नामांकनं तीनच होती. दोनच उरले तर त्या वर्षी विभाग गाळा.

आल्तिनो:
देव बरें करूं दोघांनाही. पाच चित्रपट पणजीत एकत्र बघायचा विचार आहे. वितरकाकडून डीसीपी (चित्रपटगृहात चालवायची डिजिटल प्रत) मागवावी की ऑनलाइन बघायची लिंक?

रायबंदर:
रेषा, रंग, पोत यावर मत द्यायचं असेल तर मोठा पडदा हवाच. पण डीसीपी सहसा कूटबद्ध असते आणि तिची डिजिटल किल्ली, म्हणजे केडीएम, हॉलमधल्या त्या विशिष्ट सर्व्हरच्या (चित्रपट चालवणाऱ्या यंत्राच्या) प्रमाणपत्रासाठीच बनते, ठरावीक तारीख-वेळेपुरती. ऐनवेळी हॉल बदलला की किल्ली निरुपयोगी. म्हणून आधी हॉल पक्का करा, त्यांच्याकडून सर्व्हरचं प्रमाणपत्र घेऊन वितरकाला पाठवा, खेळाच्या दोन्ही बाजूंना एकेक दिवस जादा मागा आणि आदल्या दिवशी दहा मिनिटं लावून बघा. किल्लीची वेळ भारतीय आहे की ग्रीनिचची (यूटीसी), हेही विचारा; साडेपाच तासांच्या फरकाने खेळ अडकतो.

मूळ भाषेतली प्रत उपशीर्षकांसह मागा. हिंदी डबिंगवरून जपानी चित्रपटाला मत देऊ नये. लिंक मिळाली तर तिची मुदत मतदानाच्या दिवसापर्यंत आहे ना ते बघा, नाहीतर पहिल्या फेरीनंतर ती बंद पडते आणि मग पाचपैकी चारच पाहिलेले सदस्य उरतात.