सांगलीहून पाच दिवस: विजापूर, बदामी, हंपी कसं बसवावं?

विश्रामबागकर
भाऊबीज उरकली की सलग पाच दिवस हातात आहेत. बँकेतली नोकरी, सहावा दिवस मागायची सोय नाही. गाडी घरची. आम्ही दोघं, आई आणि आठवीतले चिरंजीव. बनशंकरी आमचं कुलदैवत, त्यामुळे बदामी ठरलेलीच. ओटी भरली की आईचं काम झालं, पट्टदकल-बिट्टदकलाशी तिला देणंघेणं नाही. चिरंजीवांना गोल घुमटात ओरडायचंय. हिला इरकल साडी घ्यायचीय, तीही इलकलातच जाऊन. मला हंपी.
कागदावर विजापूर एक, बदामी दोन, हंपी दोन असं मांडलं. दिसायला झकास, पण यात परतीचा दिवसच नाही. शिवाय आईचे गुडघे. कुठं कात्री लावू?

मिरज जंक्शन
गाडी घरीच ठेवा की. कोल्हापूर-तिरुपती हरिप्रिया मिरजेत पकडायची, हुबळी-गदगवरून थेट होस्पेट. तिथून हंपी रिक्षानं.

माधवनगरचा सारथी
रेल्वेनं जाल तर इलकल हुकलं, आणि मग घरात जे होईल ते तुमचं तुम्ही बघा.
माझा ट्रॅव्हलरचा धंदा, या रस्त्याला कायम माणसं नेतो. सरळ सांगतो, विजापूर खोडा. विजापूर आपल्या उंबऱ्याला आहे. पहाटे जतच्या रस्त्याला लागलं तर कुठल्याही रविवारी होतंय. सुट्टी लांबच्या गावावर खर्चायची.
पहिल्या दिवशी मिरज-जमखंडी-बागलकोट करत बदामी. मुलाला सांगा, जमखंडीपण आपल्यासारखंच पटवर्धनांचं संस्थान. अंधार पडायच्या आत पोचा, त्या दिवसांत ऊसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि मागं दिवा कुणालाच नसतो. संध्याकाळी बनशंकरी. तिथं बायका पाट्या घेऊन बसतात, ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, दही. हॉटेल शोधत फिरू नका, तिथंच जेवा.
दुसरा दिवस पूर्ण बदामी, आणि हा दिवस कापायचा नाही. लेण्यांना उन्हाच्या आधी जायचं. पायऱ्या उभ्या आहेत, माकडं हातातली पिशवी ओढतात. आईंना पहिल्या लेण्यातला अठरा हातांचा नटराज दाखवून सावलीत बसवा, तुम्ही तिसऱ्यापर्यंत जा. तिथं सन 578 चा लेख आहे, चालुक्य राजा कीर्तिवर्म्याच्या काळचा, त्याचा भाऊ मंगलेशानं कोरवलेला, आणि वराह, नरसिंह, त्रिविक्रम माणसापेक्षा उंच. दुपारी झोप. मग तळ्याकाठी भूतनाथाच्या पायऱ्यांवर नुसतं बसायचं. लोक बदामी दोन तासांत उरकतात आणि हंपीत जाऊन दमतात, हे मला कधी कळलं नाही.
तिसऱ्या दिवशी सामान घेऊनच निघा. पट्टदकल सपाट आहे, बहुतेक देवळं एका आवारात, गुडघ्यांना त्रास नाही. तिथलं विरूपाक्ष लोकमहादेवी राणीनं बांधून घेतलं, नवऱ्यानं कांची जिंकली म्हणून. ही गोष्ट सांगा, आई रस घेतील. ऐहोळ्यात दुर्ग आणि लाडखान ही मंदिरं बघून पुढं. अमीनगडला करदंट (डिंक-सुक्यामेव्याची मिठाई) घ्या, इलकलात साडी, मुक्कामाला होस्पेट.
चौथा दिवस हंपी. पाचव्या दिवशी उजाडताना हंपीचं विरूपाक्ष मंदिर आणि हेमकूट टेकडी, मग थेट घर. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर धरा.

गावभागातली बाई
सारथीदादा, हिशोब पटला, पण विजापूर खोडायला इतिहासाच्या बाईंचा विरोध नोंदवून घ्या! 1565 मध्ये तालिकोटला विजयनगर हरलं, आणि त्यानंतर अली आदिलशहानं विजापुरात जामा मशीद उभारायला घेतली. हंपीतली पडझड आणि ती मशीद एकाच लढाईच्या दोन बाजू. आठवीतल्या मुलाला हे लागोपाठ दिसलं तर पुस्तकातलं पान आयुष्यभर लक्षात राहील.

माधवनगरचा सारथी
बाई, लागोपाठ दाखवायचं तर परतीला विजापुरात मुक्काम हवा. साहेब देणार का सहावा दिवस? आणि घुमटाच्या सज्जात जायचं तर कोपऱ्यातल्या मिनाराचे सात मजले, अरुंद जिना. आई खालीच बसणार. त्यापेक्षा मार्गशीर्षात बाप-लेकांनी रविवारी जावं. दार उघडताच वर पोचायचं. एरवी त्या सज्जात कुजबुजही पलीकडे ऐकू येते, पण शाळांच्या सहली आल्या की कुजबुज सोडा, शेजारचा काय बोलतोय तेपण कळत नाही. उतरल्यावर इब्राहिम रोजा, दगडात अक्षरं कोरून केलेल्या जाळ्या मुलाला जवळून दाखवा.

गावभागातली बाई
बरं, मग मशीद त्याच रविवारी. विश्रामबागकर, हंपीच्या विठ्ठल मंदिरात आईंना आधीच सांगून ठेवा, गाभारा रिकामा आहे. भानुदासांनी मूर्ती परत पंढरपूरला आणली अशी आपल्याकडे कथा आहे. तिथला दगडी रथ बघायला गर्दी असते, पण वारकरी घरातलं माणूस त्या रिकाम्या गाभाऱ्यापाशीच थांबतं. वाहनतळापासून बॅटरीची गाडी मिळते, चालावं लागत नाही.

विश्रामबागकर
ठरलं. विजापूर रविवारवर. चिरंजीव फुगलेत, पण आई नसेल तर हवं तेवढं ओरड म्हटल्यावर जरा निवळलेत. भानुदासांची गोष्ट आईला सांगितली, तर आता तीच विचारतेय की हंपीला एकच दिवस का. मुक्काम होस्पेटला की हंपीजवळच्या कमलापूरला?

माधवनगरचा सारथी
आई सोबत आहेत, तर होस्पेटच. लिफ्टवालं लॉज बघा, खोली मागच्या अंगाची मागा. हायवेला रात्रभर ट्रक असतात.