मूत्राशयात चौथ्यांदा गाठ : जवळचं रुग्णालय की लांबचं मोठं केंद्र?

रानजाई (धागाकर्ती)
बाबांना ७१ वर्षं पूर्ण झाली. साडेतीन वर्षांत मूत्राशयातल्या गाठी तीनदा दुर्बिणीतून खरवडून काढल्या. परवाच्या तपासणीत पुन्हा दोन दिसल्या. आतापर्यंतचं सगळं घराजवळच्या छोट्या रुग्णालयात, एकाच डॉक्टरांकडे झालं. पहिले दोन रिपोर्ट लो ग्रेड (हळू वाढणाऱ्या पेशी) होते, तिसरा हाय ग्रेड (आक्रमक पेशी), टी वन (गाठ किती खोल गेली त्याची पायरी) आला. त्यानंतर 'तीन महिन्यांनी दुर्बीण टाकून बघू' एवढंच ठरलं होतं.

भाऊ म्हणतो, आता पाच तासांवरच्या कर्करोग केंद्रात न्यायचं. बाबांचं म्हणणं, "ज्यांनी तीनदा आत पाहिलंय, त्यांनाच चौथ्यांदा पाहू दे." मलाही तसंच वाटतं, पण तो तिसरा रिपोर्ट डोक्यातून जात नाही. तुम्ही काय केलं असतं?

पाणवठा
ताई, बाबांचं ऐका. आमच्या ह्यांचं सहा वेळा झालंय, सगळं जवळच. चौथ्या वेळी घरी आल्यावर तिसऱ्या रात्री लघवी पूर्ण थांबली. ओटीपोट दगडासारखं घट्ट, माणूस भिंतीला धरून उभा, बसवेना की झोपवेना. पंधरा मिनिटांत रुग्णालय गाठलं. डॉक्टरांनी जाड कॅथेटर (लघवीची नळी) घातला, मोठ्या सिरिंजने सलाइन आत सोडून पुन्हा ओढलं, तेव्हा रक्ताचे काळपट गोळे बाहेर पडले. पुढे तासाभरात पिशवीतला लाल रंग फिकट गुलाबी झाला. पाच तासांच्या वाटेवर हे झालं असतं तर?

शिवाय हा आजार एका ऑपरेशनने संपत नाही. सुरुवातीला दर तीन महिन्यांनी आणि पुढेही वर्षानुवर्षं दुर्बीण. लांब जायचं म्हटलं की एखादी तपासणी 'पुढच्या महिन्यात बघू' होते आणि तिथेच घात होतो.

उगवतीचा
माझं मत उलट आहे आणि जरा सविस्तर लिहितो, कारण वडिलांच्या वेळी मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पोटावर टाका नाही, दोन दिवसांत घरी, म्हणून आपण याला किरकोळ समजतो. पण याच ऑपरेशनात उपचारही होतो आणि रोग किती खोल गेलाय तेही ठरतं. टी वन म्हणजे गाठ अस्तराखालच्या थरात शिरली आहे, स्नायूत नाही. आता ती स्नायूत नाही हे कशावरून कळणार? काढलेल्या तुकड्यांत स्नायूचा थर आला असेल तरच. वरवर खरवडलं तर पॅथॉलॉजिस्ट तरी काय सांगणार? म्हणूनच टी वन आल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांत त्याच जागी पुन्हा खरवडायची पद्धत आहे. रानजाई, तुमच्याकडे ते झालेलं दिसत नाही. हाय ग्रेड असून बीसीजीचाही (गाठ परत येऊ नये म्हणून मूत्राशयात सोडायचं औषध) उल्लेख नाही. मला काळजी वाटते ती इथे.

हात कुणाचा, यानेही फरक पडतो. युरोपातल्या अनेक रुग्णालयांच्या रुग्णांचा एकत्रित अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच गाठ असलेल्यांतही पहिल्या फेरतपासणीला गाठ पुन्हा दिसण्याचं प्रमाण काही ठिकाणी १०० पैकी ३-४ होतं, तर काही ठिकाणी २० च्या आसपास. लेखकांना त्यामागे ऑपरेशनच्या दर्जाचा हात वाटला. म्हणजे 'परत आली' म्हणतो त्यातली काही गाठ मागच्या वेळी राहूनच गेलेली असू शकते. काही केंद्रांत निळ्या प्रकाशाची दुर्बीण असते. आधी मूत्राशयात औषध सोडतात, मग साध्या उजेडात न दिसणारे सपाट डाग गुलाबी चमकतात.

पाणवठा
पण मोठ्या केंद्रात हात कुणाचा असेल हे तरी कुठे माहीत असतं? नाव मोठ्या डॉक्टरांचं आणि दुर्बीण शिकाऊ डॉक्टरच्या हातात, असंही होतं. तारीख दोन महिन्यांनी मिळाली तर त्या दोन महिन्यांचं काय? आमचे डॉक्टर ह्यांच्या मूत्राशयाचा कोपरान् कोपरा ओळखतात.

काचपट्टी
मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं. मत देत नाही, एकच करा. तिसरा रिपोर्ट काढा आणि स्नायूबद्दलची ओळ शोधा. कधी कधी तुकडे इतके जळून येतात की वाचताच येत नाहीत, तेही रिपोर्टात लिहिलेलं असतं. आणि कुठेही गेलात तरी जुन्या स्लाइड (तपासलेल्या काचपट्ट्या) व काढलेले तुकडे जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने पाहिल्यावर ग्रेड बदललेली मी पाहिली आहे.

उगवतीचा
पाणवठाताई, तुमचा प्रश्न रास्त आहे. तो केंद्रात तोंडावर विचारायचा : दुर्बीण कोण धरणार, तारीख कधीची? आणि बारीक, लो ग्रेड गाठ परत आली असती तर मीही जवळच म्हटलं असतं. तशी गाठ काही वेळा नुसती जागा बधिर करून जाळताही येते. इथे मात्र शेवटचा रिपोर्ट हाय ग्रेड आहे. ऑपरेशन तिकडे करा. पुढे बीसीजी ठरलंच तर सुरुवातीला आठवड्याला एक असे सहा डोस असतात, ते घराजवळ घेता येतील का विचारा. ऑपरेशननंतर निदान दोन आठवडे मात्र जाऊ द्यावे लागतात.

रानजाई
रिपोर्ट काढला. शेवटून दुसरी ओळ : 'नमुन्यात स्नायूचा थर आढळला नाही.' तीन महिने तो कागद आमच्या कपाटात होता.

आज डॉक्टरांना दाखवला. ते रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "पुन्हा खरवडायला तेव्हाच बोलवायला हवं होतं." केंद्राला पत्र त्यांनीच लिहून दिलं, स्लाइड आणि ब्लॉकही मिळाले. पुढच्या मंगळवारी दाखवायचं आहे. बाबांनी एवढंच विचारलं, "कॅथेटर काढायला तरी इथे येऊ ना?"

पाणवठा
या रिपोर्टवर मी तुम्हाला अडवणार नाही. पण लगेच परतीला निघू नका. कॅथेटर काढल्यावर बाबांना स्वतःहून दोन-तीनदा लघवी होऊ दे, रंग बघा, तिथेच जवळ दोन रात्री राहा. आणि तुमच्या डॉक्टरांचा नंबर हाताशी ठेवा. रात्री दोन वाजता फोन त्यांनाच लागणार आहे.