बसमधल्या त्रासाबद्दल : सोसायटी ग्रुप

बी-३०२ : नमस्कार. नाइलाजाने इथे लिहितेय. मुलाची पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येते. काल खोदून विचारलं, तर म्हणाला, शाळेत टॉयलेटला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. तिथे तिघं जण बाहेरून दार धरून ठेवतात. बसमध्येही तेच. आपल्याच सोसायटीतले आहेत, नावं घेत नाही.

ए-१०४ : वहिनी, मुलं आहेत, चालायचंच. आम्हीही मार खाल्लाय.

सी-२०१ : एक ठेवून दे म्हणावं त्याला. पुन्हा कोणी वाटेला जाणार नाही.

बी-३०२ : काका, समोर तिघं, तेही दोन इयत्ता पुढचे.

सेक्रेटरी : शाळेचे विषय कृपया इथे नकोत. उद्या लिफ्टचे काम आहे, १० ते १ बंद.

ए-४०३ : पार्किंगवर आठवडाभर मेसेज चालतात, हे का नाही?

डी-५०१ : मी शाळेत समुपदेशक आहे, म्हणून बोलते. हे भांडण नाही, बुलिंग आहे. डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात या विषयाचा अभ्यास सुरू केला. त्यांनी सांगितलेल्या खुणा तीन : मुद्दाम दिलेला त्रास, पुन्हा पुन्हा, आणि त्रास देणाऱ्याचं बळ जास्त. तिन्ही इथे आहेत. म्हणून दोघांना समोर बसवून ‘हात मिळवा’ करू नका. मूल तिथे मान डोलावतं आणि नंतर जास्त सोसतं.

ए-१०४ : रोख माझ्या मुलाकडे आहे का? स्पष्ट बोला.

ए-४०३ : नाव कोणी घेतलंय? तुम्हीच ओढून घेताय.

ए-१०४ : आमची काच फोडणाऱ्यांनी शिकवू नये.

सेक्रेटरी : काचेचा विषय मीटिंगमध्ये मिटला आहे.

सी-३०५ : विषय मिटला, काच अजून यायचीय 😀

सी-२०१ : एक ठेवून द्यायची. सोपा उपाय.

डी-५०१ : काका, तिघांपुढे तो आणखी मार खाईल, आणि शिक्षकांना दोघंही मारामारी करणारे दिसतील. त्यापेक्षा घरी सराव करून घ्या : मान वर, मोठ्याने ‘थांब, मला हे चालणार नाही’, आणि सरळ मोठ्या माणसापाशी. पण सगळा भार त्याच्यावर नको, बघणाऱ्या मुलांशीही बोला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात शाळेतलं चित्रीकरण तपासलं होतं. सोबती मध्ये पडले तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा १० सेकंदांत त्रास थांबला. मध्ये पडणं म्हणजे हाणामारी नव्हे. ‘चल, आपण जाऊ’ म्हणून त्याला तिथून नेलं तरी पुरतं.

ए-४०३ : माझी मुलगी त्याच बसला आहे. आत्ता विचारलं. तिला सगळं माहीत होतं, ‘चुगलखोर’ म्हणतील म्हणून गप्प होती. उद्यापासून त्याला शेजारी बसवते म्हणाली.

बी-३०२ : ताई, काय बोलू. 🙏

ए-१०४ : रात्री मुलाशी बोलतो. पण हे ग्रुपवर टाकायला नको होतं. घरी यायचं.

बी-३०२ : मागच्या महिन्यात आले होते दादा. ‘चालायचंच’ म्हणालात.

सी-२०१ : माझं मत तेच.

सेक्रेटरी : लिफ्ट १० ते १ बंद.

डी-५०१ : वर्गशिक्षिकेला लेखी द्या. तारीख, जागा, काय झालं, कोण हजर होतं. टॉयलेटपाशी आणि बसमध्ये कोण लक्ष ठेवणार, तेही विचारा.

बी-३०२ : मसुदा पाठवते, बघाल?

डी-५०१ : पाठवा. आधी त्याला वाचून दाखवा, त्याला नको असेल ते काढा.